जाड प्लॅस्टिक

शिक्का बसला. साकेत सरांनी सवयीनं त्यावरून अंगठा फिरवला, तशी निळी शाई सगळीकडे फासली गेली. त्यांनी प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं.

"हे लॅमिनेट कुणी केलं?"

"मी," धोंडिबा जरा तोऱ्यातच म्हणाला. "सगळ्यात जाड प्लॅस्टिक घातलंय, साहेब. शहाडला आमच्या घरात नदीचं पाणी शिरतं. नातीच्या आधीच्या सगळ्या प्रमाणपत्रांचा लगदा झाला. राज्य स्पर्धेचं हे एकच."

सरांनी शिक्का बाजूला ठेवला. खेळाडूंच्या कोट्यातून प्रवेश द्यायचा, तर मूळ प्रमाणपत्राच्या पाठीवर कॉलेजचा शिक्का हवा. नाहीतर तोच कागद चार ठिकाणी फिरतो. प्लॅस्टिकवर शाई धरत नाही. यादी पाचला बंद होणार होती आणि चार वाजून गेले होते.

"सर, मार्करनं लिहा ना," रांगेतली मागची जागृती म्हणाली. "कोण बघतंय?"

"वरचे बघतात. गेल्या वर्षी अशाच एकीचा प्रवेश दिवाळीत रद्द केला."

"दुसरी प्रत?" धोंडिबाच्या नातीनं, रचनानं विचारलं.

"संघटनेकडून मिळते. पंधरा दिवस."

"पण सर, परवा मैदानावर तुम्हीच म्हणालेलात, ही मुलगी मला पाहिजे."

"अजून पाहिजे गं." सर खिडकीकडे बघत बोलले. "पण मी खो-खो शिकवतो. प्रवेश मी देत नाही."

रचनाच्या बारावीच्या गुणांवर या कॉलेजचं फाटकही उघडणार नव्हतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

धोंडिबानं नातीकडे पाहिलं. तिनं चारचौघांत खडसावलं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं. ती सरांना म्हणाली, "आबांची चूक नाही, सर. मीच म्हटलेलं लॅमिनेट करा म्हणून."

ती तसं कधीच म्हणाली नव्हती. त्या दिवशी ती सरावाला गेली होती. दुकानातून परत येताना प्रमाणपत्र छातीशी धरून धोंडिबा एकटाच वाटभर हसत आला होता.

"द्या साहेब इकडं," तो म्हणाला. "काढून देतो मी."

"आजोबा, ते निघत नाही."

पण त्यानं प्रमाणपत्र उचललंही होतं. खिडकीच्या कठड्यावर ठेवून त्यानं कोपऱ्यात नख खुपसलं. कड सुटली. त्यानं जोर लावला. प्लॅस्टिकसोबत कागदाचा पापुद्रा वर आला. 'रचना' पापुद्र्याबरोबर गेलं, आडनाव खाली राहिलं. तरी तो ओढतच होता.

मागून सरांचा आवाज आला, "पुढची कोण?"

जागृती पुढे झाली. रचनानं आजोबांचा हात अलगद धरला.

"आबा, सोडा आता. कड धारेची असते. बोट कापेल."