प्रज्ञा मॅडमचं चालणं

साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी प्रज्ञाला रोज चालायला सांगितलं. मुलं उठण्याआधीचा अर्धा तास तेवढा तिचा होता. पण ती रस्त्याला लागली की गावातलं कोणी ना कोणी गाडी थांबवायचंच.

"बठ वं माय, बस चुकनी का?" म्हणत बन्सीलाल आबांनी तर तिला घरच्या कपड्यांत थेट तालुक्याला, धरणगावला नेऊन सोडलं.

शेवटी तिने हातात टमरेल धरलं. आता गाड्या थांबेनात; लोक मान फिरवून निघून जात.

आठवड्याने, उघड्यावर बसणाऱ्यांना पकडणारं पथक शिट्ट्या फुंकत मागे लागलं. वर्गात स्वच्छता शिकवणाऱ्या मॅडम चपला हातात घेऊन घरापर्यंत पळाल्या. अर्ध्या तासाचा व्यायाम दहा मिनिटांत उरकला.

दुसऱ्या दिवशीही तिने टमरेल घेतलं. फक्त आधी पायांत बूट चढवले.