मनोऱ्यावरचा झेंडा

"बाबा, हा निळा झेंडा खोटा आहे म्हणा आणि मोकळे व्हा," माल्ले म्हणाली. "कॉफी निवतेय."

म्हातारे एंडेल टेबलाकडे बघत राहिले. संग्रहालयाच्या केर्लीने राय धान्याचा पाव बाजूला सारून टेबलावर दोन झेंडे पसरले होते. एक शहराचा, नगरपालिकेवर रोज फडकणारा, हिरव्यावर तीन पांढरे मासे. दुसरा चर्चचा ऑर्गन दुरुस्त करताना आत सापडलेला, निळ्या चादरीचा. त्यावर घाईघाईने शिवलेली पिवळी होडी होती.

सोव्हिएत अमलात एका धुकट पहाटे चर्चच्या मनोऱ्यावर झेंडा लागला होता. शिपाई वर पोहोचेपर्यंत तो गायबही झाला. त्यापायी एंडेलची ऐन उमेदीची वर्षं सायबेरियात गेली. एस्टोनिया स्वतंत्र झाल्यावर त्यांनी वर्णन केलेला तो हिरवा झेंडाच शहराने आपला केला. तेव्हापासून दर वर्षी त्यांना व्यासपीठावर नेऊन बसवतात. बिचाऱ्यांना त्याचा मनापासून कंटाळा होता.

"आजोबा, उद्या नगरपालिकेच्या सभेत विचारतील, मनोऱ्यावरचा खरा कोणता," केर्ली म्हणाली. "तुमच्या एका शब्दावर सगळं अडलंय."

"लोक काय बोलतात, माहितेय?" माल्ले उसळली. "म्हाताऱ्याला चळ लागलाय म्हणे! जन्मभर सोसलंत, आता या वयात नाव घालवू नका."

"दमलोय गं मी."

"मग एवढं बोला आणि खुशाल झोपा."

एंडेल कष्टाने उठले. त्यांनी निळ्या कापडावरून हात फिरवला, एकेक टाका चाचपला. त्यांचे डोळे भरून आले. माल्लेने कपाळाला हात लावला.

"हाच असणार," ते म्हणाले. "छान शिवलाय."

"असणार म्हणजे?" केर्ली गोंधळली. "तुम्हाला आठवत नाही?"

"आठवायला आधी बघायला नको? मी आज पहिल्यांदाच बघतोय. मनोऱ्यावर मी कधी चढलोच नव्हतो, पोरी."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"'तो मी नव्हे' हे एकदा सांगून पाहिलं होतं. कोठडीत." एंडेल पुन्हा खुर्चीत टेकले. "झेंड्यावर काय होतं, एवढंच विचारायचे आणि मारायचे. मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का? शेवटी चौकशी करणारा साहेबही दमला. त्यानेच पेन्सिल घेतली, तुमचा हा हिरवा झेंडा कागदावर काढला आणि म्हणाला, 'पाठ कर.'"