टेबलाखालची

"आई, माझा सिनेमा वाचायला घेणार आहेस की नाही?" लेकीने दारातूनच विचारलं आणि संपादकबाई टेबलावरचे कागद उगाच सारखे करू लागल्या.

शेवटचा अंक होता. कपाटं रिकामी झाली होती, भिंतीवर जुन्या मुखपृष्ठांचे फिकट चौकोन तेवढे उरले होते. 'फटकळ' मासिकाचं एकच पान अजून कोरं होतं, सिनेमाचं. आणि गावभर गाजत होता तो नेमका लेकीने लिहिलेला सिनेमा. बाईंनी तो गुपचूप जाऊन पाहिला होता आणि तेव्हापासून त्या टाळाटाळ करत होत्या. पास करावा तर जन्मभराच्या फटकळपणावर पाणी, नापास करावा तर पोर दुखावणार.

'फटकळ'ची रीत वाचकांना पाठ होती. गाजलेल्या सिनेमातला प्रेमाचा प्रसंग घ्यायचा, नायकाचं बोलणं कुणातरी बाईने वाचायचं आणि नायिकेचं छपाईवाल्या मामांनी. मामा म्हणजे झुपकेदार मिशांचा धिप्पाड गडी, पण लाजायचे असे की बघत राहावं. ऐकताना कुणाला हसू फुटलं की सिनेमा नापास! आणि सगळ्यात आधी हसू फुटायचं ते टेबलाखाली. शाळा सुटली की लेक तिथे दप्तर टाकून पसरायची ना! म्हणून परीक्षणाखाली सही असायची, 'टेबलाखालची'. ही बया कोण, असं विचारून विचारून वाचक थकले. पुढे लेक शिकायला बाहेर पडली आणि परीक्षण बिनसहीचं छापून येऊ लागलं. दुसरं नाव घालायला बाईंचा हात कधी धजावला नाही.

काय दिवस होते ते! शाईचा वास, चहाचे उष्टे कप, आणि हसून हसून खुर्चीवरून घसरणाऱ्या मैत्रिणी.

"घेते की," बाई म्हणाल्या. "प्रसंग तूच निवड."

लेकीने निवडला तो सगळ्यांचा लाडका. नायिकेच्या ऑफिसखाली नायक ठाण मांडून उभा असतो, तो. मामांनी चष्मा चढवला, मिशी पुसली.

"तू नाही म्हण, हजारदा नाही म्हण," लेक छाती काढून म्हणाली. "मी इथून हलणार नाही. तुझं 'नाही' कधी दमतं तेच बघायचंय मला."

"असं नका ना बोलू," मामा मान खाली घालून पुटपुटले. "लोक बघतायत."

"बघू देत! उद्या तुझ्या घरी येतो. आईला पटवली की तू जाशील कुठे?"

"इश्श," मामा मिशीतून म्हणाले, "तुम्ही किनई, भारीच हट्टी."

बाईंनी ओठ दाताखाली घट्ट दाबून धरला. हसायचं नाही. मरू दे ती रीत, पोर कितीतरी वर्षांनी या खोलीत आलीय. खिडकीकडे बघत त्या म्हणाल्या, "बरा आहे की. पास करून टाकू."

लेकीने हातातल्या कागदावरून मान वर केली.

"आई, तू खिडकीकडे बघून बोललीस."

मामांना मात्र कुणी थांबा म्हटलं नव्हतं. त्यांनी इमानदारीत पुढची ओळ वाचली, "बरं बाई, हरले मी."

आणि हसू फुटलं. लेकीलाच! आधी नाकातून, मग पोट धरून. हसता हसता ती खुर्चीवरून सरळ जमिनीवर आली. मामा हसले, बाई हसल्या, आणि बाईंच्या डोळ्यांना कधी धार लागली ते त्यांनाही कळलं नाही.

"हे मी लिहिलंय, आई! चांगली शुद्धीत असताना लिहिलंय. आणि याच वाक्याला थिएटरात शिट्ट्या पडतात." तिने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "साफ नापास. दे ते पान इकडे, मीच लिहिते."

तिने लिहिलं, खाडाखोड न करता. मामांनी कागद घेतला, वाचला, आणि बाईंकडे वळले.

"खाली नाव कुणाचं घालू?"

बाईंनी वाकून पाहिलं. एवढी मोठी पोर, गुडघे पोटाशी घेऊन टेबलाखाली कशीबशी मावली होती.

"विचारताय काय, मामा?" खालून आवाज आला. "जुनंच घाला."