दिवे लावणारी पोर

शिंपिणीची पोर खळखळून हसली की घरातले दिवे आपोआप पेटायचे. असली पोरं सैतानाची, असं तेव्हा देवळातले गुरुजी सांगायचे आणि त्यांना घेऊन जायचे. शेजारणीचा मुलगा असाच नेला, तो काही परत दिसला नाही. म्हणून पोरीला हसू फुटतंय असं वाटलं, की आई हातातली शिवण टाकून धावायची आणि तिचं तोंड दाबून धरायची, सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेल्या धातूच्या अंगुस्तानासकट. "भिंतींनाही कान असतात गं बाई," एवढंच पुटपुटायची. पोर आता लग्नाची झाली, तरी वरच्या ओठावर त्या अंगुस्तानाचा व्रण आहे.

यंदा वारं फिरलं. अशी माणसं देवाची लाडकी, असं तेच गुरुजी सांगू लागले. देवापुढचा मोठा दिवा म्हणे त्यांच्याच हसण्यानं पेटायला हवा. मत देवाचं बदललं की गुरुजींचं, कोण विचारणार! शिंपिणीला मात्र आभाळ ठेंगणं झालं. तिनं लेकीला नवे कपडे शिवले आणि हात धरून देवळात नेलं.

"हस, बाळ," गुरुजी मायेनं म्हणाले.

पोरीनं आईकडे पाहिलं. आईनं मान डोलावली. मग पोरीचे खांदे गदगदा हलले, डोळ्यांत पाणी आलं, पण ओठ मिटलेलेच राहिले. आवाज नाही की ठिणगी नाही.

"अगं, आता कुणाची भीती? मोठ्यानं हस ना!" आई कळवळून म्हणाली.

पोर गोंधळली. "मोठ्यानंच तर हसतेय, आई."