आला फोन, ठेवा खाली

"त्याचे शब्द जसेच्या तसे सांगा, काका," ताई म्हणाल्या आणि पाण्याचा पेला त्यांच्या हाताशी सरकवला.

शिंपीकाकांनी पेला उचलला, पण ओठांपर्यंत नेला नाही. जन्मभर सुईत दोरा ओवलेल्या बोटांत तो तसाच धरून ते सांगू लागले.

"म्हणाला, करखात्यातून बोलतोय. दुकान विकलंत आणि कर बुडवलात. संध्याकाळच्या आत भरा, नाहीतर दारात गाडी उभी राहील. शेजारीपाजारी बघतील, म्हणाला."

"मग तुम्ही?"

"ठेवून दिला. तुमचं गाणं आठवलं."

ताईंच्या कपाळावरची आठी क्षणभर विरली. गाणं म्हणजे दोनच ओळी. किराणावाला, न्हावी, बेकरीवाली अशा माणसांची करविवरणं भरता भरता ताईंनी त्या रचल्या होत्या, आणि समोरच्याकडून म्हणवून घेतल्याशिवाय त्या कुणाला खुर्चीतून उठू देत नसत.

आला फोन, ठेवा खाली;
आपण लावू, तोच वाली.

"पण त्याचं धाडस बघा," काका म्हणाले. "मी ठेवणार तेवढ्यात म्हणतो, विश्वास नसेल तर जा, तुमच्या ताईंना विचारा."

"माझ्याकडे धाडतो? चोर तो चोर, वर शिरजोर." ताईंनी हातातलं पेन टेबलावर आपटलं. "मेल्याला लाज कशी ती नाही. म्हाताऱ्या माणसाला शेजाऱ्यांची भीती घालतो."

ताईंचा संताप उसना नव्हता. त्यांच्या मावशीला असाच फोन आला होता. पैसे गेले ते गेले, पण नंतर फोन वाजला की मावशी दचकून उभी राहायची, आणि घरातले तिलाच टोचायचे, एवढी शिकलीसवरलेली बाई, फसलीच कशी? चोराला कुणी चकार शब्द बोललं नाही. ताई करखात्यात तक्रार द्यायला गेल्या, तर या खिडकीने त्या खिडकीकडे बोट दाखवलं, आणि त्या खिडकीवर जेवणाच्या सुट्टीची पाटी.

काकांचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. गुडघे गेले म्हणून त्यांनी दुकान विकलं होतं, मशीनसकट. आलेला पैसा म्हणजे काका आणि काकू, दोघांचं उरलेलं आयुष्य.

सुदैवाने दिवस बदलले होते. ताईंच्या खुर्चीमागे करखात्याचा शिक्का असलेला निळा कागद चिकटवलेला होता. 'फसव्या फोनची तक्रार इथे करा', आणि खाली ठसठशीत नंबर. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक गृहस्थ मागच्या महिन्यात तो लावून गेला होता. माणूस इतका लाघवी की जाता जाता ताईंचं भिंतीवरचं वाकडं प्रमाणपत्रही सरळ करून गेला. गाणं तर त्याला फारच आवडलं. "साहेबांना ऐकवतो," म्हणाला होता. कागदांचा गठ्ठाही ठेवून गेला, आणि ताईंनी प्रत्येकाच्या फाइलला त्यातला एकेक लावला होता.

ताईंनी मान वळवून नंबर वाचला, फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

पहिल्याच रिंगला उचलला.

"शिकले बाई एकदाचे," ताई पुटपुटल्या.

पलीकडची बाई मऊ आवाजाची होती. मध्ये न तोडता तिने सगळं ऐकून घेतलं. "फोन ठेवलात, फार शहाणपणा केलात, काका. म्हणतात ना, आला फोन, ठेवा खाली."

काकांनी ताईंकडे बघितलं. ताई पदर सावरत म्हणाल्या, "पोचलेलं दिसतंय साहेबांपर्यंत." मग आवाज कडक केला. "हे बघा, ओटीपीबिटीपी मागणार असाल तर आत्ताच सांगा."

"छे हो, ताई. ओटीपी आम्हालासुद्धा सांगायचा नाही. काकांच्या बँकेतल्या पैशांना फक्त पहारा बसवायचा. एक अ‍ॅप पाठवते, तेवढं त्यांच्या फोनवर घ्या."

काकांना बारीक अक्षर दिसेना. ताईंनी चष्मा लावून स्वतःच्या हाताने अ‍ॅप घेतलं आणि विचारेल तिथे 'परवानगी द्या' दाबलं.

"आता फोन पालथा ठेवा," पलीकडची बाई म्हणाली. "मध्ये कुणी हात लावला की पहारा मोडतो. काम झालं की मीच ताईंना कळवते."

"ऐकलंत ना, काका? वाजो, नाहीतर नाचो. हात लावायचा नाही."

काकांनी फोन टेबलावर पालथा घातला आणि आता कुठे पाणी प्यायले. "घरून निघताना काकूला सांगितलं नाही," ते म्हणाले. "आता सांगेन. हसत सांगेन."

ताईंचा राग मात्र बसेना. एवढ्यावर सोडायचं? त्यांनी करखात्यातल्या ओळखीच्या साहेबांना फोन लावला आणि त्या चोराची सात पिढ्यांसकट खरडपट्टी काढली.

"पण एक कबूल करते, साहेब," शेवटी ताई म्हणाल्या. "तुमची तक्रारीची हेल्पलाइन म्हणजे सोनं. पहिल्या रिंगला उचलतात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्या लोकांचं कौतुक करायला फोन केलाय."

साहेब हसले. "चेष्टा करताय होय, ताई? आमच्याकडे कुठली हेल्पलाइन? तक्रार अजून लेखीच घेतो आम्ही. त्याच खिडकीवर."

ताई सावकाश मागे वळल्या. निळा कागद भिंतीवर होता. त्याच्या शेजारी प्रमाणपत्र, सरळ.

टेबलावर पालथा पडलेला फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. मग थांबेचना.

काकांनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. "वाजू दे कितीही, ताई," ते समाधानाने म्हणाले. "मी हात लावत नाही. तुम्ही सांगितलंय ना."