सासऱ्यांची दाढ

"तोंड उघडा. आणखी उघडा, बाबा."

आयुष्यभर दुसऱ्यांना हेच सांगत आलेले सासरे आज स्वतःच्याच दवाखान्यात, स्वतःच्याच खुर्चीत आ वासून पडले होते. दाढेचा तुकडा उडाला होता, वर सिरॅमिकची टोपी बसवायची होती. त्यांच्या हातांना कंप सुटल्यापासून दवाखाना सुनेकडे होता. म्हणजे नावालाच! बाहेर बाकावर मास्तर गाल धरून बसले होते, पण "डॉक्टर येऊ देत, सूनबाईंचा हात अजून बसायचाय," हे त्यांचं पालुपद काही सुटत नव्हतं. जुने पेशंट सगळे तसेच. असंच चाललं तर दवाखान्याला टाळं लागणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सुनेने डोक्यावरचा मोठा दिवा बाजूला वळवला. टोपी चिकटवायचं सिमेंट त्याच्या उजेडानेसुद्धा वेळेआधी घट्ट धरायला लागतं. टोपीत ते भरून तिने टोपी दाढेवर बसवली आणि बोटाने दाबून धरली. मग निळ्या दिव्याचा नुसता एक झोत. कडेने बाहेर आलेलं सिमेंट रबरासारखं झालं, तसं तिने ते अलगद सोलून काढलं. काय हात होता! हिरडीला म्हणून धक्का नाही. मग सगळ्या बाजूंनी पुन्हा दिवा. शेवटी बीप वाजलं.

सासऱ्यांना वाटलं, झालं. त्यांच्या काळात टोपी पेशंटला चावायला लावून घट्ट बसवायचे. जुनी सवय ती. त्यांनी कचकन जबडा मिटला.

मध्ये तिचं बोट होतं.

"अगं बाई!" नर्स ओरडली. सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण बोट जागचं हललं नाही.

"सोडा, बाबा," ती म्हणाली. "एवढ्या जाड सिरॅमिकमधून उजेड तळापर्यंत पोचत नाही. कडा धरल्यात, खालचं अजून कच्चं आहे. ते अंधारात आपलं आपण घट्ट होतं, सावकाश. तोवर मी हलणार नाही आणि तुम्हीही हलायचं नाही."

असं त्यांना कुणी कधी बजावलं नव्हतं. सासूबाईंचीसुद्धा टाप नव्हती. त्यांनी निमूटपणे जबडा सैल केला आणि पडल्या पडल्या तिच्याकडे बघत राहिले. मनगट स्थिर. नजर दाढेवर. इतकी वर्षं ही आपल्या घरात आहे आणि हिचं काम आपण एकदाही नीट बघितलं नाही, याची त्यांना लाज वाटली. कौतुक त्याहून जास्त वाटलं.

बऱ्याच वेळाने तिने बोट काढलं, टोपी हलवून पाहिली. ढिम्म हलेना.

सासरे बाहेर आले तेव्हा इंजेक्शनने अर्धं तोंड अजून बधिर होतं. मास्तर लगबगीने उठले. "आलात डॉक्टर! आता तुम्हीच जरा—"

"डॉक्टर आत आहेत," सासरे म्हणाले. शब्द वाकडेतिकडे बाहेर पडत होते. "माझ्या दाढेला तिचा हात चालला, मास्तर. तुमची काय मोठी सोन्याची लागून गेली?"