सावलीतला जांभळा

केतकी रोज सकाळी तैलरंगात एक छोटं चित्र पूर्ण करायची. कधी तांब्या, कधी खिडकीतून दिसणारं केळीचं पान. अकरा वर्षांत फारसा खाडा नव्हता. तरी तिच्या प्रदर्शनाला येणारे म्हणायचे, "अगदी दिघे सरांचा हात." ज्यांच्याकडे शिकली त्यांचंच नाव ऐकून तिला हल्ली वाईट वाटायचं.

सर गेल्यावर महिन्याभराने दिघेकाकूंनी तिला सावंतवाडीच्या घरी बोलावलं. माळ्यावर सही नसलेली चाळीसेक चित्रं निघाली होती. सरांची कुठली आणि विद्यार्थ्यांची कुठली, ते ठरवायचं होतं. केतकी एकेक चित्र पुसून भिंतीला टेकवत गेली. तिला बरीचशी सरांचीच वाटली.

काकूंनी त्यातलं पोफळीच्या बागेचं चित्र उचललं. "हे ह्यांचं नाही. तुझं आहे, शिकत होतीस तेव्हाचं."

केतकीला ते आठवतही नव्हतं. "कशावरून, काकू?"

"ह्यांच्या सावल्या तपकिरी. तू सावलीत जांभळा घालतेस, आजही. ह्यांनी बदलायला सांगितलं, तर दोन दिवस घुश्शात होतीस. तेव्हा मला म्हणाले, हिच्या सावल्यांना आपण हात लावायचा नाही."

"मला कधी बोलले नाहीत."

"तुला ठाऊकच असेल असं वाटलं त्यांना."

केतकी चित्र घेऊन अंगणातल्या उजेडात आली. वेगळेपणासाठी तिने ब्रश बदलले होते, विषय बदलले होते. सावली बदलावी असं मात्र कधी मनात आलं नव्हतं, कारण तिला ती तशीच दिसायची.